माहीमच्या रुळांवर धावून आलेल्यांचे आभार

११ जुलै २००६. संध्याकाळच्या गर्दीत पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये अकरा मिनिटांत बॉम्बस्फोट झाले. त्यातल्या माहीमच्या गाडीत माझा मोठा भाऊ होता. आज तो आमच्यात आहे, तो तुमच्यामुळे.

रुळांलगतच्या वस्तीतून तुम्ही घरातल्या चादरी घेऊन पळत आलात. स्ट्रेचर नव्हतं, रुग्णवाहिका पोहोचली नव्हती. आणखी स्फोट होईल का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तरीही तुम्ही फाटलेल्या डब्यात चढलात. चौघांनी चादरीची चार टोकं धरून दादाला रस्त्यापर्यंत नेलं. एका टॅक्सीवाल्या काकांनी पैसे घेतले नाहीत, गाडीतलं रक्त पाहून कुरकुरही केली नाही. फोन लागत नव्हते. आमचा नंबर पुन्हा पुन्हा फिरवत राहिलेल्या ताई, तुमचा आवाज आईला अजून आठवतो.

नंतर काही जण विचारत, ‘फर्स्ट क्लासनेच का गेला? रॅकवरच्या बॅगा बघायला नकोत का?’ हे ऐकून आजही जीव जळतो. ऑफिस सुटल्यावर नेहमीच्या डब्यात चढणं हा काय गुन्हा? खच्चून भरलेल्या लोकलमध्ये कुणाची बॅग कोणती, हे कोण तपासणार? दोष बॉम्ब ठेवणाऱ्यांचा, फक्त त्यांचाच. त्या दिवशी गेलेले दीडशेहून अधिक प्रवासीही असेच घरी निघाले होते.

तुमची नावं आम्हाला कळलीच नाहीत. रांगेत उभं राहून रक्त देणाऱ्यांचीही नाहीत. आमच्या सगळ्या घराचा तुम्हाला मनापासून नमस्कार.