निवृत्तांचा हिशेब मांडणाऱ्यांची परीक्षा कोण घेणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१४ जुलै २०२५ ला आयकर विभागाने महाराष्ट्रासह देशभरात दीडशे ठिकाणी तपासणी केली. पगारदारांच्या विवरणपत्रांत खोट्या वजावटी घुसवून परतावा काढून देणारे आणि त्यातला टक्का घेणारे लोक या तपासणीत उघडे पडले. बरं झालं. पण या गोंगाटात दुसरी एक गोष्ट मागे पडली, म्हणून हे पत्र. लबाड माणसं मोजकी असतात. आमच्या धंद्यात त्यांच्यापेक्षा किती तरी जास्त आहेत ती प्रामाणिक पण अर्धवट माहितीवर काम करणारी माणसं, आणि त्यांचा फटका सर्वांत जास्त बसतो तो नुकत्याच निवृत्त झालेल्या माणसाला.

मी परभणीत नानलपेठेतल्या एका कर सल्लागारांच्या ऑफिसात काम करते. साहेब पक्षकाराशी बोलतात, सही करतात. पासबुकं चाळणं, फॉर्म सोळा (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) आणि एआयएस (आयकर खात्याकडची आपली वार्षिक माहिती) ताडून बघणं, पेन्शनचा आदेश वाचून तक्ता मांडणं हे आम्हा मुलींचं काम. पक्षकाराला वाटतं सल्ला साहेबांनी दिला. खरं तर तो आमच्या तक्त्यातच ठरलेला असतो.

आपल्याकडच्या जुन्या शिक्षकांच्या जन्मतारखा शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावल्या, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. महिन्याच्या १ तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती. म्हणून ३१ मेला गावोगाव शाल-श्रीफळ आणि जून-जुलैत आमच्याकडे रांग. १ जून १९६७ ही जन्मतारीख असलेले गुरुजी २०२५ मध्ये ५८ पूर्ण करून निवृत्त झाले. मुलं त्यांना म्हातारं म्हणोत, आयकर कायद्याच्या लेखी ते अजून ज्येष्ठ नागरिक नाहीत. साठी २०२७ मध्ये. व्याजातून कर कापू नये म्हणून बँकेत जो फॉर्म द्यायचा, तो २०२५ च्या नियमाने मधल्या काळात ज्येष्ठांचा पंधरा-एच भरून चालत नाही, इतरांचा पंधरा-जी लागतो. त्याला एक जादा अट आहे: वर्षभराचं व्याजच मुळात करमुक्त मर्यादेच्या वर जाता कामा नये. बँकेचं व्याज वर्षाला ५० हजारांच्या वर गेलं की त्यांचा टीडीएस (व्याजातूनच परस्पर कापला जाणारा कर) कापला जातो, साठीनंतर १ लाखाच्या वर. जुन्या करप्रणालीतली ८० टीटीबी या कलमाची, ज्येष्ठांच्या व्याजावरची ५० हजारांची वजावटही तोवर नाही, फक्त बचत खात्याच्या व्याजापुरती १० हजारांची ८० टीटीए. एवढं सगळं एका जन्मतारखेवर अवलंबून आहे, आणि गावातल्या कुठल्याही सेवा केंद्रात जा, पेन्शनर दिसला की पंधरा-एच पुढे सरकवतात.

उलट जिथे साठीच्या आधीही दार उघडं आहे तिथे ते बंद आहे असं सांगून परत पाठवतात. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीनंतरच, हा असाच एक समज. नियत वयाने निवृत्त झालेल्याला ५५ ते ६० या वयातही तिच्यात पैसे ठेवता येतात. अट एवढीच की निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडायचं आणि त्या रकमेपेक्षा जास्त ठेवायचं नाही. पूर्वी एकच महिना मिळायचा, नोव्हेंबर २०२३ पासून तीन झाले. कमाल ३० लाख, २०२५ मधला दर ८.२ टक्के, म्हणजे ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये. 'साठी झाल्यावर या' हे कुणी तरी खिडकीवर ऐकवतं, गुरुजी घरी जातात, तीन महिने उलटतात. मग तोच पैसा जावयाच्या ओळखीतल्या विमा एजंटाकडे जातो आणि 'एफडीसारखंच आहे सर' म्हणून दर वर्षी हप्ता भरायची पॉलिसी गळ्यात पडते. पेन्शनवाल्याच्या गळ्यात दहा वर्षांचा हप्ता! यावर बोलायला लागले तर हे पत्र संपायचं नाही.

कराबद्दलची भीती तर बहुतेकदा उगीच असते. ग्रॅच्युइटी, अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेणं), रजा रोखीकरण (शिल्लक रजेचे पैसे) मिळून खात्यात मोठा आकडा दिसला की माणूस घाबरतो आणि आधीच वजावटीच्या मागे लागतो. सरकारी कर्मचाऱ्याला अंशराशीकरणाची रक्कम संपूर्ण करमुक्त आहे, दोन्ही करप्रणालींत. रजा रोखीकरणात मात्र बारकावा आहे. तिथे संपूर्ण सूट देताना कायदा केंद्र आणि राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याचं नाव घेतो. अंशराशीकरणाच्या कलमात स्थानिक प्राधिकरणाचे कर्मचारीही आहेत, रजेच्या कलमात नाहीत. म्हणजे तहसील कार्यालयातला लिपिक आणि नगरपालिकेतला लिपिक एकाच दिवशी निवृत्त झाले तरी त्यांचे तक्ते सारखे नसतात. बाकीच्यांना रजेच्या पैशांवर करमुक्तीची मर्यादा ३ लाख होती तेव्हा हे टोचायचं. २०२३ पासून ती २५ लाख झाल्यामुळे सहसा टोचत नाही, पण फाइल करणाऱ्याला फरक ठाऊक हवा की नको?

कुटुंब निवृत्तिवेतनाचं तर विचारूच नका. नवऱ्यामागे मिळणारी ही पेन्शन 'पगार' या शीर्षात येत नाही, 'इतर उत्पन्ना'त येते. तिला ७५ हजारांची प्रमाणित वजावट लागू नाही. एक तृतीयांश किंवा जुन्या प्रणालीत १५ हजार, नव्या प्रणालीत २५ हजार, यातलं जे कमी ते वजा होतं. बाईंची पेन्शन छोटी असेल तर कर दोन्हीकडे शून्यच येतो, हे कबूल. पण मोठ्या हुद्द्यावरच्या अधिकाऱ्याच्या पत्नीचं विवरणपत्र चुकीच्या शीर्षाखाली गेलं की नोटीस त्यांच्या नावाने येते, भरून देणाऱ्याच्या नावाने नाही. थकबाकीचंही तसंच. सातव्या वेतन आयोगाचे हप्ते मिळाले तेव्हा थकबाकी एकदम मिळाल्याने वाढलेल्या करातली कलम ८९ खालची सवलत कित्येकांनी विवरणपत्रात मागितली, पण त्याआधी दहा-ई हा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो हे भरणाऱ्यालाच माहीत नव्हतं. सवलत नाकारली गेली, वर व्याज लागलं.

साखर कारखान्यांतून निवृत्त झालेले कामगार येतात, त्यांचा प्रश्न कराचा नसतोच. त्यांना ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतली, पेन्शन किती बसेल ते हवं असतं. गणित सोपं आहे: सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०, पगाराची मर्यादा सहसा १५ हजार. ५८ च्या आधी घेतली तर दर वर्षामागे ४ टक्के कायमची कपात. हा एक ओळीचा हिशेब कुणी करून न दिल्यामुळे लोक पन्नाशीतच अर्ज टाकून मोकळे होतात.

आता मल्टिस्टेटबद्दल, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या सहकारी पतसोसायट्यांबद्दल. बीडपासून नांदेडपर्यंत ज्यांची आयुष्यभराची पुंजी त्यात अडकली ते हे वाचत असतील, त्यांच्या जखमेवर मीठ चोळायचं नाही. पण ठेव विम्याचं ५ लाखांचं संरक्षण व्यापारी आणि सहकारी बँकांच्या ठेवींना आहे, पतसंस्था किंवा मल्टिस्टेट सोसायटीच्या ठेवींना नाही, हे वाक्य दोन-तीन टक्के जास्त व्याजाच्या मोहात पडण्याआधी त्यांच्या कानावर घालायला हवं होतं. व्याजावर टीडीएस कापला जातो का, हे विचारायला ते दरवर्षी कुणा ना कुणा भरणाऱ्याच्या टेबलाशी येत होते. त्या टेबलावर कराच्या पलीकडचं बोलायची रीतच नव्हती.

सेबीकडे नोंदणी करून फी घेऊन गुंतवणूक सल्ला द्यायचा तर एनआयएसएम या सेबीच्याच संस्थेच्या दहा-ए आणि दहा-बी या परीक्षा पास व्हाव्या लागतात. त्यांत निवृत्ती नियोजन, कर, विमा, वारसा सगळं येतं. आमच्यासारख्या मागच्या टेबलावरच्यांना काहीच नाही. संगणक येतो, पोर्टलवर लॉगिन करता येतं, एवढ्यावर माणूस कामाला लागतो. शिकायचं म्हटलं तर जे आहे ते इंग्रजीत आणि पुण्या-मुंबईच्या नोकरदाराला समोर ठेवून लिहिलेलं. त्यात डीसीपीएस (राज्य कर्मचाऱ्यांची अंशदायी पेन्शन योजना) नसतं, अंशराशीकरण नसतं, १ जून तर नसतोच. शिवाय २०२५ मध्ये नवा आयकर कायदा संमत झाला, १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख, त्यामुळे पाठ असलेले कलमांचे आकडेही बदलतात.

म्हणून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला विनंती आहे की वाणिज्य महाविद्यालयांतून सहा महिन्यांचा मराठी प्रमाणपत्र वर्ग सुरू करावा, संध्याकाळचा, म्हणजे आम्हाला ऑफिस सुटल्यावर येता येईल. शिकवायला नुसते प्राध्यापक नकोत. कोषागारातून निवृत्त झालेला एखादा लेखाधिकारी आणि पोस्टातला एखादा जुना माणूसही बोलवा. आणि परीक्षेत कलमं पाठ आहेत का ते विचारू नका. उमेदवारासमोर एक सेवापुस्तक, एक पासबुक आणि एक एआयएस ठेवा. निवृत्तीपासून साठीपर्यंतच्या दोन वर्षांचा तक्ता करायला सांगा, आणि प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या नियमाने आला ते लिहून खाली स्वतःची सही करायला लावा.

आपली,
एक वाचक, नानलपेठ, परभणी