फवारणीचे शिक्षण पंप उचलणाऱ्यापर्यंत जावे

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

माळव्यात जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीनवर चक्री भुंगा आणि उंटअळी दिसू लागली की फवारणीची घाई सुरू होते. आमच्या सांवेरकडच्या गावांत कोणते औषध किती घ्यायचे, हे शेतकरी कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराला विचारतो. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी सरकारने शैक्षणिक पात्रतेची अट घातली, हे योग्यच झाले; परंतु दुकानात जातो तो जमिनीचा मालक आणि पाठीवर पंप घेतो तो मजूर, त्यामुळे दुकानदाराने सांगितलेली खबरदारी वाटेतच विरते. इंदूरात सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, कस्तुरबाग्रामला कृषी विज्ञान केंद्र आहे, म्हणजे जाणकारांची वाण नाही. मात्र शिबिराचे निमंत्रणही सहसा जमिनीच्या कागदावर नाव असणाऱ्यालाच मिळते.

डब्यावरच्या लाल, पिवळ्या, निळ्या वा हिरव्या त्रिकोणावरून विषाची तीव्रता अक्षरओळख नसलेल्यालाही कळू शकते, पण लाल सर्वांत जहाल हे त्याला कोणीतरी आधी सांगायला हवे. विषबाधेची लक्षणे आणि उतारा ज्या माहितीपत्रकात छापलेला असतो, ते घडी न उलगडताच खोक्यात राहते. झाबुआ-धारकडून येणाऱ्या कित्येक मजुरांची बोली भिली असते, त्यांना ते बारीक अक्षर काय उपयोगाचे?

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कपाशी त्या वर्षी उंच वाढली होती आणि फवारा थेट चेहऱ्यावर येत होता. असा धोका व्याख्यानाने मनावर ठसत नाही. पंपात रंगीत पाणी भरून, पांढरा सदरा घातलेल्या माणसाला वाऱ्याच्या दिशेने आणि वाऱ्याविरुद्ध चालवून दाखवावे. अंगावर औषध कुठे कुठे पडते ते मजुरांना स्वतःच दिसेल. मूळ औषध पाण्यात मिसळतानाच हातांना सर्वाधिक धोका असतो, आणि हे काम अनेक घरांत स्त्रियांकडे असते, त्यांनाही बोलवावे. तोंडाने नोझल फुंकू नये, भोवळ, अति घाम किंवा लाळ सुटल्यास काम तत्काळ थांबवावे, आणि दवाखान्यात जाताना डबा सोबत न्यावा, कारण औषधाच्या प्रकारानुसार उपचार बदलतो, हे तिथेच सांगावे.

कृषी विभागाने ही प्रात्यक्षिके पहिल्या फवारणीपूर्वी बांधावर, भिली-निमाडी बोलणाऱ्या कार्यकर्त्यांकरवी घ्यावीत आणि हजर मजुराला अर्ध्या दिवसाची मजुरी द्यावी, कारण रोजंदारी बुडवून शिकायला येणे त्याला परवडत नाही.

आपला,
एक शेतकरी वाचक, इंदूर