आगबोट घ्यायच्या आधी पाण्याचा विचार करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गोव्यात दिवाडी, चोडण, नार्वे या बाजूला होमस्टे नाहीतर नदीसफरी चालवणारी काही ओळखीची माणसं सध्या छोटी वाफेवरची बोट घ्यायच्या विचारात आहेत, वीस-पंचवीस फुटी, मध्ये चकचकीत पितळी इंजिन आणि वर उंच धुराडं. मी बरीच वर्षं काजूच्या कारखान्यात बॉयलर सांभाळलाय म्हणून ती मला फोटो पाठवून विचारतात, घेऊ का? प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा तुमच्या पेपरात लिहिलेलं बरं वाटलं, कारण सगळे इंजिनाबद्दल विचारतात, पाण्याबद्दल कोणीच विचारत नाही.

मी कुणाला नको म्हणत नाही. अशी बोट डिझेलसारखी धडधडत नाही, बसलेल्या माणसांना एकमेकांशी हळू आवाजात बोलता येतं, आणि आपल्या नद्यांना ती शोभेल असं मला मनापासून वाटतं. पण यातल्या बऱ्याच बोटी इंग्लंडातल्या तळ्यांवरच्या आहेत. तिकडे विंडरमियरसारख्या तळ्यांवर आगबोटींचा जुना नाद आहे. १८५० च्या सुमारास बांधलेली डॉली नावाची बोट १८९५ साली अल्सवॉटर तळ्यात बुडाली आणि १९६२ साली वर काढली, इतकी वर्षं पाण्याखाली राहून टिकली, आज ती म्युझियममध्ये आहे. पण ते पाणी गोडं! तिथल्या कितीतरी बोटींचा पंप सरळ तळ्यातलं पाणी ओढून बॉयलरात घालतो आणि काम झालेली वाफ धुराड्यातून सोडून देतो. तळ्यात पाण्याला तोटा नाही, मग साठवायचं कशाला.

आपल्या मांडवी नदीत हे चालणार नाही. झुवारीत नाही, शापोऱ्यात नाही, कुंभारजुव्याच्या कालव्यात तर नाहीच नाही, तो मांडवी आणि झुवारी या दोन्ही खाऱ्या नद्यांना जोडतो. उन्हाळ्यात भरतीबरोबर खारं पाणी नदीत किती आत चढतं ते काठावरच्या शेतकऱ्याला विचारा, खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचे, बांध उगाच घातलेले नाहीत. हिशेब करून बघा, चार-पाच हॉर्सपॉवरचं वाफेचं इंजिन तासाला पन्नास लिटर तरी पाणी खातं, समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात, म्हणजे निम्मं खारं पाणी धरलं तरी तासाला पाऊण किलोच्या वर मीठ बॉयलरात राहिलं, वाफ निघून जाते, मीठ जात नाही. त्याची खपली नळ्यांवर बसते, पत्र्याची उष्णता पाण्याला पोचत नाही, पत्रा लाल होतो, नरम पडतो, आणि मग काय होतं ते बॉयलरवर काम केलेल्याला सांगायला नको.

म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा की कंडेन्सर आहे का. लहान बोटीत बहुतेक वेळा तो बोटीच्या बुडाखाली कण्याला लागून बसवलेला तांब्याचा पाइप असतो, वापरलेली वाफ त्यात जाते, बाहेरच्या नदीच्या पाण्याने थंड होऊन परत पाणी होते आणि टाकीत येते. तेच गोडं पाणी फिरत राहतं, थोडं कमी होतं तेवढं वरून घालायचं. कंडेन्सर नसेल तर चार तासांच्या फेरीला दोनशे लिटर गोडं पाणी बरोबर न्यावं लागेल, म्हणजे तीन माणसांचं वजन फुकट. नंतर बसवून घेता येतो, पण तो खर्च किमतीत धरूनच सौदा करा. आणि आपल्याकडे त्या पाइपावर कालवं-शिंपल्या चढतात, गाळात बोट टेकली की तो चेपतो, तेव्हा खाली लाकडी आडोसा आहे का हे बोट वर ओढून, वाकून बघा.

कंडेन्सरमुळे आणखी एक गोष्ट येते. सिलिंडरचं तेल वाफेबरोबर पाण्यात उतरतं आणि ते बॉयलरात गेलं तर मिठाइतकंच वाईट, पातळ थरसुद्धा पत्रा तापवतो. परतीच्या टाकीत जुने टर्किश टॉवेल गाळणीसारखे घालतात, ते वरचेवर बदलायचे. हे काम रोज कोण करणार ते आधीच ठरवा.

आता बॉयलर. पितळ पॉलिश करायला एक दिवस पुरतो, त्यावर जाऊ नका. कधी बनवला, कुणी बनवला, शेवटची हायड्रॉलिक टेस्ट कधी झाली याचा कागद मागा. ही टेस्ट थंड पाण्याने चालू प्रेशरच्या दीडपट दाबावर करतात, आपल्या माणसासमोर परत करून घ्या, पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक मशीनने मोजून घ्या, विशेषतः पाण्याच्या रेषेजवळ, खड्डे तिथेच पडतात. सेफ्टी वाल्व स्वतः उडतो का बघा, गेज ग्लास, म्हणजे आतलं पाणी किती ते दाखवणारी काचेची नळी, खालीवर दोन्हीकडे मोकळी आहे का बघा. बॉयलरात पाणी घालायचे दोन वेगळे मार्ग हवेतच, एक इंजिनावरचा पंप आणि दुसरा हातपंप नाहीतर वाफेच्या जोरावर पाणी आत ढकलणारा इंजेक्टर, कारण बोट थांबली की इंजिनाचा पंपही थांबतो. दहा किलो प्रेशरला आतलं पाणी १८० अंशांच्या वर असतं आणि एका लिटर पाण्याची मोकळ्यावर सोळाशे लिटरच्या वर वाफ होते, आणि प्रवासी त्या बॉयलरपासून दोन हातांवर बसलेले असतात! ग्लासातलं पाणी दिसेनासं झालं तर आग ओढून काढायची, थंड पाणी मुळीच ढकलायचं नाही. हे ज्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल त्याच्याच हातात बोट द्या, आणि सुकाणूला दुसरा माणूस ठेवा. एकट्याने आग आणि सुकाणू दोन्ही बघणं मला अजिबात मान्य नाही.

जळणाचं म्हणाल तर सुकं सुरूचं लाकूड चांगलं, करवंट्याही छान पेटतात. काजूची टरफलं फुकट मिळतात म्हणून भरू नका, त्यातलं तेल झोंबरा धूर करतं आणि नळ्यांत चिकट काजळी बसवतं, हे मी स्वतः खरवडलंय. लाकूड तासाला पंधरा किलोच्या आसपास लागेल, ते ठेवायला कोरडी जागा पाहिजे. वाफ धरायला पाऊण-एक तास जातो, पाहुणे आले की लगेच निघालो असं होत नाही. वेगही बेताचा, पंचवीस फुटी बोट साडेसहा नॉटच्या, म्हणजे ताशी बारा किलोमीटरच्या, पुढे सहसा जाणार नाही, म्हणून फेरीची वेळ भरती-ओहोटी बघूनच ठरवायची.

बोटीचं लाकूडही तपासा. गोड्या पाण्यातली जुनी बोट आपल्या खाडीत टाकली की लाकूड पोखरणारा किडा तिला लागतो. पावसाळ्यात बोट वर काढावी लागेल, तेव्हा बॉयलर पूर्ण रिकामा करून, सुकवून, आत कळीच्या चुन्याचे ट्रे ठेवून बंद करायचा, नाहीतर चार महिन्यांच्या दमट हवेत आतून गंजतो.

वजनाचंही बघा. बॉयलर जड आणि उंच असतो, त्यात माणसं एका बाजूला फोटो काढायला उठली की काय होईल? १७ जुलै १९४७ ला रेवसजवळ रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, ते आपल्या किनाऱ्यावर अजून कोणी विसरलेलं नाही. पूर्ण माणसं बसवून, एका बाजूला सरकवून, धक्क्याजवळच ट्रायल घ्या. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर, सीटखाली नव्हे.

राहिले कागद. २०२१ च्या इनलँड व्हेसल्स कायद्याप्रमाणे यंत्रावर चालणाऱ्या बोटीला नोंदणी आणि सर्व्हे लागतो, आपल्याकडे त्यासाठी पणजीला कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे, म्हणजे बंदर खात्याकडे, जावं लागतं. पैसे देण्याआधी जा, बोट आल्यावर नाही, आणि बॉयलर कोण तपासणार, बंदर खातं की पणजीतल्याच आल्तिनोचं कारखाने व बॉयलर निरीक्षकालय, हे लेखी विचारून घ्या. माझी या दोन्ही खात्यांना विनंती आहे की वाफेच्या छोट्या बोटीला कुठले कागद, कुठली टेस्ट आणि कुठलं सर्टिफिकेट असलेला ड्रायव्हर लागतो हे मराठी आणि कोंकणीत एका पानावर लिहून धक्क्याधक्क्यावर लावावं, पुढच्या सीझनच्या आत.

आपला,
एक निवृत्त बॉयलर अटेंडंट, डिचोली