व्यावसायिक ड्रोनचालक प्रमाणपत्राच्या वैधतेबाबत सूचना

नागपूर व परिसरातील सर्व ड्रोनचालक सभासदांस कळविण्यात येते की, लग्नसराईची कामे स्वीकारण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या प्रमाणपत्रावरील नाव, ड्रोनचा वर्ग आणि वैधतेची तारीख सरकारी ऑनलाइन नोंदीशी ताडून पाहावी, कारण ड्रोन नियम, 2021 नुसार त्या नोंदीत नसलेले प्रमाणपत्र वैध धरले जात नाही. आपल्याकडे प्रमाणपत्राची मुदत 10 वर्षांची आहे. दर 24 महिन्यांनी उजळणी करण्याची अट अमेरिकेतील असून, तिकडचे व्हिडिओ पाहून काही सभासद विनाकारण धास्तावलेले दिसतात. मात्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने उजळणी अभ्यासक्रम ठरवून दिल्यास तो पूर्ण करणे बंधनकारक आहे.

मुदत संपलेली असल्यास नूतनीकरण होईपर्यंत मोबदल्याची कामे घेऊ नयेत. 250 ग्रॅमपेक्षा जास्त व 2 किलोपर्यंतच्या ड्रोनला प्रमाणपत्रातून असलेली सूट केवळ बिगरव्यावसायिक वापरापुरती आहे. पैसे घेऊन केलेले लग्नाचे चित्रीकरण तीत बसत नाही, मग ते पैसे पाकिटातून खुशीने दिलेले का असेनात.

प्रमाणपत्र वैध असले तरी विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत, म्हणजे सोनेगाव, खामला, प्रतापनगर अशा भागांत, संबंधित यंत्रणेची परवानगी स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

– सचिव