चि. मेघास, धपाट्यांच्या डब्यासोबत

चि. मेघास,
अनेक आशीर्वाद.

डबा कुरियरने पाठवतोय. धपाटे वर आहेत, शेंगाची चटणी खाली. विमानात चटणी चालते की नाही यावर आईचं आणि आत्याचं दोन दिवस वाजलंय, ते तू फोन करून मिटव. शनिवारी ढाका, तिथून कॉक्स बाजार, आणि खाली 'सहा महिने', असं तू कालनिर्णयवर लिहून गेलीस. आत्या रोज येता-जाता ते वाचते आणि काही न बोलता आत जाते.

झोपेचं विचारायचं नाही असं तुझ्या आईने मला बजावलंय. "पोरगी येळवशीच्या सणाला दोन दिवस आली होती, तिची तपासणी घेत बसू नका." म्हणून विचारत नाही. पण त्या रात्री मी पाणी प्यायला उठलो तर तीन वाजून गेले होते आणि तू ओसरीवर फोन धरून बसली होतीस. फोटोखालच्या ओळी तपासतेय म्हणालीस. बरं. मी काही बोललो नाही, आत जाऊन पडलो, आणि पाचपर्यंत कूस बदलत राहिलो.

दुसऱ्या दिवशी शेतातल्या कोपीत भज्जी खाताना मामाने विचारलंच, ही नेमकं करते काय? तू म्हणालीस, धान्य वाटणारी माणसं वेगळी. धान्य का कमी पडलं हे सरकारांना, मोठ्या देणगीदारांना विचारायचं आणि ते पेपरात यायला लावायचं, ते आमचं खातं. "म्हणजे पुढारी?" "नाही हो मामा." "मग पेपरवाली?" "तेही नाही." मामाने आंबिलीचा पेला उचलला आणि विषय संपला. मला मात्र कळलं होतं. २०२३ मध्ये कॉक्स बाजारला, म्यानमारमधून पळून आलेल्या त्या रोहिंग्यांच्या छावणीत माणशी महिन्याच्या धान्याचे १२ डॉलरचे १० झाले आणि पुढे ८, तेव्हा तू दिल्लीहून फोनवर रागाने सांगत होतीस. मी वहीत हिशेब केला होता, साडेसहाशे रुपये होतात. आपल्याकडे तेलाचा डबाच त्याहून महाग. दहा लाखांच्या आसपास माणसं, त्यात निम्म्याहून जास्त पोरं. तू तो आकडा लोकांपर्यंत पोचवलास, आणि आकडा कुणी वाचत नाही म्हणून शेजारी एका पोराचा फोटो लावलास. तुझं काम इतकंच आहे ना? इतकंच, पण त्यातच सगळं येतं.

'सेव्ह द चिल्ड्रन' संस्था काढणाऱ्या त्या एग्लंटाइन जेबची गोष्ट तू सांगितलीस ती डोक्यातून जात नाही. १९१९ साली लंडनच्या ट्रफाल्गार चौकात उपाशी ऑस्ट्रियन पोराचा फोटो छापलेली पत्रकं वाटली म्हणून बाईला पकडलं, पाच पौंड दंड केला, आणि सरकारी वकिलानेच खिशातून पाच पौंड काढून तिला दिले. ती नुसती वर्गणी मागत नव्हती. युद्ध संपलं तरी आपल्याच सरकारने नाकेबंदी चालू ठेवली आहे, ती उठवा, असं म्हणत होती. पुढे १९२४ ला राष्ट्रसंघाने मुलांच्या हक्कांचा तिचा मसुदा मान्य केला. मोठी बाई. पण मेघा, तुमच्या या कामाची सुरुवातच एका उपाशी लेकराच्या फोटोने झाली आहे. त्या लेकराला कुणी विचारलं होतं का?

मी हे पुस्तकातलं बोलत नाही. किल्लारीच्या भूकंपाचं तुला आजवर अर्धवटच सांगितलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले, आणि दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाची माती. झोपेतच गेले. मला नोकरीला चौथं वर्ष होतं, पोरांच्या याद्या करायला पत्र्याच्या शेडमध्ये पाठवलं. पाऊस थांबत नव्हता. तिथे तिसरीतला एक मुलगा होता, नाव लिहीत नाही. जीप थांबली, बॅनर उघडला की कुणीतरी त्याला पुढे करायचं. तो शाळेत कविता म्हणतात तसा हात बाजूला धरून उभा राहायचा आणि एका दमात म्हणायचा: आई गेली, बहीण गेली, आजी गेली, म्हैस वाचली. पहिल्यांदा मी ऐकलं तेव्हा तोंड फिरवलं. चौथ्या-पाचव्या वेळी एक कॅमेरावाला त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाळा, म्हैस नको सांगू." दुसऱ्या दिवसापासून पोराने म्हैस सोडली. त्याच्याकडे राहिलेलं तेवढंच होतं गं. रोज दुपारी तो तिला बघायला पाण्यातून जायचा, धारा कोण काढतं ते विचारायचा. पुढे भारतीय जैन संघटनेने १२०० मुलं पुण्याला शिकायला नेली, त्यांत तोही गेला. चांगलं झालं त्याचं, असं ऐकलंय.

म्हणून सांगतो, तिथे कुणाची म्हैस गाळू नकोस. आईबापांची सही घेतलीस तरी पोराला वेगळं विचार, आणि नाही म्हणालं तर कॅमेरा पिशवीत घाल. एकदा सांगून झालेलं पुन्हा दुसऱ्यासाठी सांगायला लावू नकोस. नाव बदल, फोटोमागे शाळेची पाटी येऊ देऊ नकोस... हे बघ, लागलो मी शिकवायला. हे सगळं तुमच्या नियमांत आहे, ते तू दुसऱ्यांना शिकवतेस. फोटोच्या फाईलमध्ये जागेचा पत्ता लपलेला असतो आणि तोही पुसावा लागतो, हे मला तूच सांगितलंस. छत्तीस वर्षं पोरांपुढे बोलायची सवय, सुटत नाही. माफ कर.

मागच्या वर्षीचं तू सहज बोलून गेलीस, मी लक्षात ठेवलंय. चॅनेलवाल्यांना त्या मुलीला कॅमेऱ्यापुढे पुन्हा रडवायचं होतं, तू मध्ये उभी राहिलीस, ते निघून गेले, बातमी आली नाही आणि वरच्या साहेबांनी तुला झापलं. ते ऐकून मी अंगणात दोन फेऱ्या मारून आलो. आत्याला सांगितलं, दादाला सांगितलं, दूधवाल्यालासुद्धा सांगितलं. तुला सांगायचं राहिलं.

पण बातमी आली नाही म्हणून त्या मुलीच्या वस्तीला काय मिळायचं राहिलं, हा हिशेब तू रात्री मांडत बसतेस ना? तोच तर मला नको आहे. किल्लारीच्याच वर्षी सुदानमधल्या त्या भुकेने कोसळलेल्या लेकराचा आणि मागे बसलेल्या गिधाडाचा फोटो जगभर गेला. पुढच्या वर्षी फोटोवाल्याला मोठं पारितोषिक मिळालं आणि त्याच वर्षी त्याने जीव दिला. हे लिहू नये असं ठरवलं होतं. खोडत नाही आता. तू तशी नाहीस, मला माहीत आहे, तू आजीवर गेलीस, फटकळ आणि टणक. पण आजीसुद्धा भूकंपाच्या त्या वर्षानंतर कधी घरात झोपली नाही, मरेपर्यंत अंगणात बाज टाकायची. टणक माणसांचं असंच असतं, बाहेरून कळत नाही.

तुम्हाला संध्याकाळच्या आत छावणीबाहेर यावं लागतं म्हणालीस. म्हणजे दिवस पोरांचं ऐकण्यात जाणार आणि रात्र शहरातल्या खोलीत एकटीची. मला दिवसाची चिंता नाही. दिवसा तुझ्याबरोबर माणसं आहेत, बांबूच्या नि ताडपत्रीच्या त्या घरांतल्या बायका तुला चहा पाजतील. ऑफिसने बोलायला डॉक्टर दिलाय म्हणालीस, त्याच्याशी बोल. त्याच्याशी नको वाटलं तर मला फोन कर, कितीही वाजता. मी काही विचारणार नाही. पावसाचं बोलू, तुरीच्या भावाचं बोलू.

येताना कुणासाठी काही आणू नकोस, दादाच्या पोरांना काय आणायचं ते ती स्वतःच सांगतील.

तुझा,
अण्णा

ता. क. आई विचारतेय, तिकडे खोलीला मच्छरदाणी आहे का. नसेल तर आजच कळव, दुसऱ्या कुरियरने आपली डबल बेडची पाठवतो. डास चावले की माणूस रात्रभर जागा राहतो. हे मी झोपेचं विचारत नाहीये, मच्छरदाणीचं विचारतोय.