किती राउंड आहेत ते आधीच सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सॉफ्टवेअरच्या इंटरव्ह्यूंबद्दल लिहितोय. लोकांना वाटतं यांचं बरंय, घरबसल्या इंटरव्ह्यू, ना ट्रेनची गर्दी ना काही. मी सहा वर्षं बॅकएंडचं, म्हणजे ॲपच्या मागे सर्व्हरवर चालणाऱ्या भागाचं काम करतोय, लालबागला चाळीत राहतो, १८० चौरस फुटांची खोली, आई बाबा आजी आणि मी. जानेवारीत एका अमेरिकन कंपनीच्या रिमोट जॉबला अप्लाय केलं आणि मार्च संपेपर्यंत त्यांचे सात राउंड झाले.

पहिली ऑनलाइन टेस्ट ९० मिनिटांची. सुरू करण्याआधी लॅपटॉप गोल फिरवून सगळी खोली दाखवायची, मध्ये दुसरा चेहरा दिसला किंवा कुणाचा आवाज आला की वॉर्निंग. आता खोलीच एक, मग ८२ वर्षांची आजी दीड तास बाहेर गॅलरीत खुर्ची टाकून बसली, आई शेजारी गेली, पाणी यायची वेळही नेमकी तीच म्हणून त्या दिवशीचं आमचं पाणी शेजाऱ्यांनी भरून ठेवलं. पुढचे सगळे राउंड मी शेजारच्या काकांच्या पोटमाळ्यावर बसून दिले, तिथे ताठ उभं राहता येत नाही पण शांतता असते.

मग घरी करायचं असाइनमेंट आलं. चार तासांचं आहे म्हणाले, माझा शनिवार रविवार दोन्ही गेले, कारण नुसता कोड चालत नाही, तो तपासणाऱ्या टेस्ट लिहा, डॉकरवर (कुठल्याही मशीनवर प्रोग्रॅम सारखाच चालावा म्हणून वापरतात ते टूल) चालवून दाखवा, रीडमी म्हणजे माहितीची फाइल लिहा. पुढच्या राउंडला त्यावर एकही प्रश्न आला नाही, कुणी उघडून तरी बघितलं का माहीत नाही. ह्याचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला.

नंतर लाइव्ह कोडिंग (त्यांच्यासमोर कोड लिहायचा), सिस्टीम डिझाइन (मोठी सिस्टीम कशी बांधाल ते सांगायचं), मॅनेजर, आणि हे शेवटचं असं सांगून झाल्यावर अजून दोन. त्यातला एक मार्चमध्ये होता, मेलमध्ये आपल्याकडचे रात्रीचे ११ लिहिलेले, पण ८ मार्चला अमेरिकेत दरवर्षीसारखी उन्हाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे गेली, ती माणसं आपल्या १० वाजताच जॉइन झाली आणि वाट बघून निघून गेली. नोंद झाली की कॅन्डिडेट आला नाही. ते निस्तरण्यात एक आठवडा गेला. सातव्या राउंडनंतर आजपर्यंत हो नाही की नाही नाही, दोन मेल टाकले, उत्तर नाही.

नकाराचं वाईट वाटत नाही हो, पण माझा नोटिस पिरियड ९० दिवसांचा आहे, एका जागी अडकून राहिलो की दुसरीकडचं हातचं जातं, आणि राउंड दिवसा असला की हाफ डे टाकावा लागतो तो वेगळाच.

एवढे राउंड लागतात का हाही प्रश्न आहे. गूगलने स्वतःच्या इंटरव्ह्यूंचा हिशोब काढला होता, त्यात चार इंटरव्ह्यूंमध्येच ८६ टक्के खात्रीने निर्णय घेता येतो असं निघालं, पुढे फारशी भर पडत नाही. आणि कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून कायदाच आहे, २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने जाहिरात दिलेल्या जागेसाठी इंटरव्ह्यू घेतला तर ४५ दिवसांच्या आत कॅन्डिडेटला निर्णय झाला की नाही ते कळवायचं. आपल्या राज्याच्या कामगार विभागाने निदान इथे ऑफिस असलेल्या कंपन्यांसाठी तरी असा नियम आणावा, आणि किती राउंड, किती वेळाचे, हे पहिल्याच मेलमध्ये लिहिणं बंधनकारक करावं.

मी आता पहिल्या कॉललाच विचारतो. परवा एका कंपनीच्या रिक्रूटर मॅडमनी लगेच सांगितलं, तीन राउंड, तारखा अशा अशा, दहा दिवसांत उत्तर. गुरुवारी पहिला आहे, काकांना पोटमाळ्याचं सांगून ठेवलंय.

आपला,
एक वाचक, लालबाग, मुंबई