वाचनासाठी राखलेला वेळ

प्रिय लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवसभर काही ना काही वाचणे चालूच असते, तरी महिनोन्‌महिने एकही पुस्तक पुरे होत नाही, असे तू परवा फोनवर म्हणालीस. त्याचे उत्तर सविस्तर लिहूनच द्यावे असे वाटले, कारण माझी सारी नोकरी ज्या कामात गेली त्याच कामाशी हा प्रश्न निगडित आहे.

ग्रंथालयशास्त्र शिकताना आम्हाला डॉ. रंगनाथन यांची पाच सूत्रे पाठ असत. गणिताचे अध्यापन सोडून ते १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ही सूत्रे पुस्तकरूपाने मांडली. वाचकाचा वेळ वाचवावा, हे त्यांतले चौथे सूत्र. वर्गीकरण, तालिका, देवघेवीच्या नोंदी ही बरीचशी खटपट, वाचकाला हवे ते पुस्तक चटकन मिळावे आणि त्याने ते घरी नेऊन निवांत वाचावे, एवढ्यासाठीच असते.

तुझ्या फोनवरच्या बहुतेक ठिकाणांची रचना याच्या नेमक्या उलट हेतूने झालेली आहे. तू तिथे जितकी रेंगाळशील तितक्या जास्त जाहिराती तुला दाखवता येतात. पान कितीही खाली सरकवले तरी नवा मजकूर येतच राहील, ही युक्ती अझा रस्किन या अमेरिकी रचनाकाराने २००६ मध्ये काढली आणि पुढे तिच्याबद्दल त्यानेच जाहीरपणे खेद व्यक्त केला. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, पुस्तकातले प्रकरण संपते, आणि तिथे थांबायचे की पुढे जायचे हे आपण ठरवतो. न संपणाऱ्या पानावर ते ठरवण्याची वेळच येत नाही. म्हणून स्वतःला आळशी म्हणणे आधी सोड. माहिती वाचणाऱ्याचे अवधान खर्च करते, त्यामुळे माहितीची रेलचेल झाली की अवधानाचा तुटवडा पडणारच, असे अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच, म्हणजे असे फोन येण्याच्या कितीतरी आधी, सांगून ठेवले होते.

बातम्या संध्याकाळी एकदाच वाचाव्यात. सकाळच्या निम्म्याअधिक अफवा तोवर आपोआप गळून पडलेल्या असतात. कार्यालयाचे निरोप आणि घरचे फोन एवढे सोडून बाकी सर्व सूचना बंद कर. आणि ‘नंतर वाचू’ म्हणून साठवलेल्या लेखांचे निर्लेखन कर. ग्रंथालयात कालबाह्य झालेली, जीर्ण झालेली पुस्तके आम्ही रीतसर नोंद करून बाद करत असू आणि त्यात ज्ञानाचा अपमान होतो असे कोणाला वाटत नसे, कारण फळीवर जागा झाल्याखेरीज नवी पुस्तके ठेवणार तरी कुठे? दोन महिन्यांत जो लेख उघडावासा वाटला नाही तो खुशाल काढून टाक.

रात्री जेवणानंतरचा अर्धा तास पुस्तकासाठी राखावा आणि तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत असावा. पालथा घालून शेजारी ठेवलेला फोनही लक्ष ओढतो. सुरुवातीला मन जागेवर राहणार नाही, एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचावा लागेल. तरी उठू नकोस. हाती पेन्सिल असू दे आणि पटले नाही तिथे समासात खूण कर. चाळिसाव्या पानावर लेखकाने उपस्थित केलेली शंका दोनशेव्या पानापर्यंत मनात धरून ठेवता येणे, ही शक्ती केवळ सवयीने येते आणि सवय मोडली की जाते. ती तुझी जाऊ नये, अशी माझी फार इच्छा आहे. एखादे पुस्तक पन्नास पानांनंतरही रुचले नाही तर मात्र निःसंकोच परत कर.

पहिले पुस्तक नोकरीच्या उपयोगाचे निवडू नकोस. कोणते घेतलेस ते कळव. इथल्या वाचनालयात मिळाले तर मीही तेच वाचायला घेईन, म्हणजे रविवारच्या फोनवर आपल्याला त्याविषयी बोलता येईल.

तुझी,
आई